न दिसणारा राखणदार

टेगनने तपासणीची कांडी टाकीतून काढली आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवली. अशा पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. आता संगणकाने बोंब मारायला हवी होती.

सकाळपासून ही तिसरी खेप. तिचे पाय एका जागी ठरेनात.

"झोपलाय का गं तो?" लॉर्नाने विचारलं.

टास्मानियाच्या डोंगरातलं हे ट्राउट माशांचं पैदास केंद्र लॉर्ना आता एकटीच चालवत होती. पंप बंद पडला तर साठ हजार पिल्लं अर्ध्या तासात पोट वर करून तरंगायची. त्यासाठीच तिच्या नवऱ्याने, डेस्मंडने, एक प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. पडद्यावर काही न दाखवता तो विंडोजच्या आत गुपचूप राखण करायचा आणि प्राणवायू घटला की संगणकाला जोडलेल्या डबीतून फोन लावायचा. डेस्मंड मार्चमध्ये गेला. त्याचा जुना संगणक परवा गेला. नव्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स होतं, म्हणून संगणकाची कामं करणाऱ्या टेगनने त्यावर वाइन नावाचा दुभाषा बसवला. आपण अजून विंडोजमध्येच आहोत, असं त्या प्रोग्रॅमला वाटत राहायचं.

टेगन समोर बसली की तो चालायचा. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, की गप्प.

"त्याला जागं करायला कुणाला तरी पासवर्ड घालून आत शिरावं लागत होतं," टेगन म्हणाली. "आता ते काम लिनक्सवरच सोपवलंय. मशीन उठलं की तोही उठेल."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालीस."

"नवीन प्रोग्रॅम घ्या ना, लॉर्ना. आजकाल सगळे तेच करतात."

"सगळ्यांना करू दे."

टेगन खिडकीपाशी गेली, परत आली, बादलीत डोकावली. पडदा काळाच होता. दोन मिनिटं झाली. तिने कांडीकडे हात नेला, तेवढ्यात फोनच्या डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकला.

टेगनचा फोन गप्प होता. टेबलावरचाही. वाजत होतं ते लॉर्नाच्या कोटाच्या खिशात.

लॉर्नाने कोपरा फुटलेला एक जाडजूड फोन बाहेर काढला. बॅटरी काठोकाठ भरलेली होती. त्यावर चमकणाऱ्या केंद्राच्या नावाकडे बघत तिने तो चार वेळा वाजू दिला. मग उचलला, कानाला लावला आणि बंद केला.

टेगनने खुर्ची ओढली. "प्रोग्रॅममध्ये नंबर डेस्मंडचाच राहिलाय. तुमचा घालते."

"घाल. दुसरा म्हणून."

"पहिल्याने उचलला नाही, तरच दुसऱ्याला लागतो."

"ठाऊक आहे मला." लॉर्नाने फोन बाहीला पुसला. "मी उचलते ना."

टेगनने दुसऱ्या ओळीत लॉर्नाचा नंबर घातला. मग बादलीतली कांडी काढून ती हळूच टाकीत सोडली.