दालचिनीचा भात

“अगाथा, हा सातवा वाडगा,” मी फ्रीजचं दार धरून म्हणाले.

अगाथा टेव्स माझी शेजारीण, आणि चर्चच्या निर्वासित समितीतली माझी जोडीदार. तिनं वाकून आत पाहिलं. सातही वाडग्यांत दुधात शिजवलेला गोड भात, वर दालचिनीची पूड. आमच्यात भात म्हटला की हाच. प्रत्येकातून जेमतेम दोन चमचे गेलेले.

“हे लोक भात खातात, असं तूच चर्चमध्ये उभं राहून सांगितलंस ना?” अगाथा म्हणाली. “मग आता फ्रीजमध्ये वाडगे मोजत काय बसलीस?”

जिच्या स्वयंपाकघरात आम्ही हे बोलत होतो, ती चानसुक शेगडीपाशी उभी राहून आमच्याकडे बघून हसत होती. आम्ही दार न वाजवताच आत आलो होतो. आमच्या गावात मागचं दार कुणीच वाजवत नाही.

१९८० सालचा मार्च. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या आमच्या मेनोनाइट पंथाच्या छोट्या चर्चनं लाओसच्या या नवराबायकोची वर्षाची जबाबदारी घेतली होती. थायलंडच्या छावणीतून ती दोघं जानेवारीत आली. घर मिळालं, पडदे मिळाले, रजया इतक्या आल्या की शेवटी आम्ही नको म्हटलं. चानसुकला पाचवा महिना होता. आणि त्या सकाळी डॉक्टर मला म्हणाला होता, “वजन पुन्हा दोन किलो उतरलंय. असंच चाललं तर बाळ हाती लागणार नाही.”

मी बावीस वर्षं अंड्यांच्या शेडमध्ये कामाला होते. दिव्यासमोर अंडं धरायचं आणि आत काय आहे ते न फोडता सांगायचं. पण या मुलीच्या पोटात काय जात नाही, ते मला दोन महिने दिसलं नव्हतं.

तिचा नवरा बुनथान माझ्याच शेडमध्ये खोकी भरायचा. त्याला थोडंफार इंग्रजी यायचं. दुपारच्या सुट्टीत मी त्याला गाठलं.

“खरं सांग. काय खाते ती?”

“सगळं खाते, मावशी.”

“आणि मग?”

तो खोक्याला चिकटपट्टी लावत राहिला. “मग ओकते. दूध आम्ही प्यायलोच नाही कधी. आणि भात... गोड.” त्यानं असं तोंड केलं की मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली.

“अरे, मग बोलायचंस की!”

“रोज कुणीतरी आणतं. समोर बसून बघतं. त्यांना काय सांगायचं, मावशी? आवडलं नाही म्हणून?”

मला माझी आई आठवली. ती १९२४ साली रशियातून या गावात आली, तीही अशीच दुसऱ्यांनी दिलेल्या रजईत. लोकांनी तिला काय कमी दिलं? पण कुणीतरी तिकडे खायचे तशा सूर्यफुलाच्या बिया पाठवल्या, त्या दिवशी ती पायरीवर बसून टरफलं थुंकत खदखदून हसली होती. मी पाच वर्षांची होते. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शनिवारी मी आणि अगाथा चानसुकला घेऊन शंभर किलोमीटरवरच्या विनिपेग शहरात गेलो. चिनी दुकानात चानसुक पोत्यांच्या रांगेतून सरळ एकापाशी गेली आणि त्यात मनगटापर्यंत हात घातला. चिकट भाताचा तांदूळ. तिखट लाल मिरच्या घेतल्या, आंबवलेल्या माशांच्या रसाची बाटली घेतली.

परतताना बाटलीचं बूच सैल झालं.

“गाडीत काहीतरी मेलंय!” अगाथा ओरडली.

“काच खाली कर आणि गप्प बस.”

“माझा चर्चचा कोट आहे, टीना! उद्या माझ्या शेजारी कोण बसेल?”

मागे चानसुकनं तोंडावर हात धरला होता. खांदे हलत होते. ती हसत होती.

तांदूळ रात्रभर भिजला. रविवारी प्रार्थनेनंतर मी माझं लोणच्याच्या बरण्या उकळायचं मोठं पातेलं, चाळण आणि जेलीचा रस गाळायचं फडकं घेऊन अगाथाबरोबर चानसुककडे गेले. तिनं तांदूळ फडक्यात घालून चाळणीत वाफेवर ठेवला. मी झाकण उचलून बघायला लागले, तर चानसुकनं माझा हात बाजूला सारला. मग फडक्याची टोकं धरून तिनं तो सगळा वाफाळता गोळा एका झटक्यात उलटा केला. अगाथा म्हणाली, “अगं बाई!”

पुढच्या तपासणीत तिचं वजन दीड किलोनं वाढलं. ऑगस्टमध्ये मुलगी झाली, चांगली रडकी. डॉक्टरनं मला शाबासकी दिली, आणि मी ती घेतलीही.

पण मला आठवतो तो रविवारच. इतके दिवस चानसुक आमच्याकडे तोंड करून, हसत, एकेक चमचा गिळायची. त्या दुपारी तिनं ताटली उचलली, खिडकीखाली जमिनीवर मांडी घातली आणि आमच्याकडे सरळ पाठ केली. बोटांनी भाताचा गोळा वळायचा, मिरचीत बुडवायचा, तोंडात टाकायचा. एकदाही वळून पाहिलं नाही.

आम्ही दोघी कोट हातात घेऊन तिच्या पाठीकडे बघत उभ्या राहिलो. मग अगाथानं माझी बाही ओढली, आणि निरोप न घेताच आम्ही बाहेर पडलो.