कोरी राहिलेली मूठ

“नुसती बघू नकोस गं, हातात घे. हात खोटं बोलत नाही.”

दुकानातल्या बाईंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. आता मला कान कुठले? माझ्या अंगभर भोकंच भोकं. आवाज कुठल्या भोकातून आत शिरला आणि कुठे अडकून बसला, ते मलाही सांगता यायचं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पॅडलची रॅकेट आहे. वयानं जुनी नव्हे हं. अंगावर एक तडा नाही, काळा रंग अजून चकाकतो. तरी मी जुनी झाले, कारण जिच्यासाठी मला घरात आणलं, तिला आता माझ्याकडे बघवत नाही.

पॅडल हा खेळ तुमच्यापैकी काहींनी पाहिला नसेल. काचेच्या भिंतींचं मोठं अंगण, मधे जाळी, दोन्हीकडे दोघं दोघं. चेंडू टप्पा घेऊन भिंतीवर आदळला तरी खेळ संपत नाही. भिंत त्याला माघारी धाडते, आणि चांगला खेळाडू भिंतीशी मैत्री करतो. आम्हा रॅकेटींना तारा नसतात. पोटात फोम, अंगावर कडक थर, आणि आरपार भोकं. कारखान्यात माझ्या पोटी कडक फोम भरला, कार्बनचं कापड नेसवलं, साच्यात घालून भाजलं. आकार दिला पतंगासारखा, वरच्या अंगाला रुंद. त्यामुळे सगळं वजन डोक्याकडे. माणसांच्या डोक्यात हवा जाते म्हणे, माझ्या डोक्यात भार गेला. भरल्या दंडाच्या, चेंडू ठोकून काढणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसासाठी मला घडवलं होतं. तो मला कधी भेटलाच नाही.

दुकानात माझ्या शेजारच्या खुंटीला एक गोल, आकाशी रंगाची रॅकेट होती. हलकीफुलकी, मऊ पोटाची. येणारा जाणारा तिला उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. माझ्याकडे मात्र सगळे जरा मागे सरकून बघायचे. त्यालाच मी मान समजत होते.

एका संध्याकाळी एक बाप आणि त्याची लेक आली. बाप इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. खांद्याला हत्यारांची पिशवी, बोटांच्या पेरांत ग्रीस. मुलगी बारा वर्षांची. सगळे तिला भिंगरी म्हणत. काचेवरून उसळून आलेल्या चेंडूभोवती ती अशी गर्रकन फिरायची की बघणाऱ्यालाच चक्कर यावी. तिच्या वयात तिला हरवणारी एकच होती, एक उंच मुलगी. आणि पुढच्या मोसमात संघाची निवड व्हायची होती.

“मागच्या अंतिम सामन्यात हिनं सगळे चेंडू परत केले,” बाप दुकानातल्या बाईंना सांगत होता, “पण मारला एकही नाही. समोरचीला नुसती ताटात वाढून देत होती.”

“बाबा!” भिंगरी पुटपुटली.

“मग ही गोल घ्या,” बाई म्हणाल्या. “हलकी आहे. खेळ मोठा झाला म्हणून हाड मोठं होत नाही हो. हाताला झेपेल ते द्या, मारणं मागून येतं.”

भिंगरीनं आकाशी रॅकेट केव्हाच हातात घेतली होती. चेंडू तिच्यावर टप टप नाचत होता, आणि चेंडूबरोबर पोरीची वेणीही.

“बाई, ती पोरांची आहे. माझी पोरगी आपल्याहून मोठ्या मुलींना पाणी पाजते.” असं म्हणत बापानं मला खुंटीवरून काढलं आणि लेकीच्या हातात दिलं.

माझं डोकं खाली गेलं. तिचं मनगट मुडपलं. क्षणभरच. तिनं लगेच मला सावरलं. पण त्या क्षणात मला सगळं कळलं होतं, बाईंनाही कळलं होतं.

“जड नाही ना?” बापानं विचारलं.

काही प्रश्नांच्या पोटातच उत्तर बसलेलं असतं, मित्रांनो. पोरीनं बापाकडे बघितलं. त्याचे डोळे लकाकत होते, जणू रॅकेट त्यालाच मिळत होती.

“नाही,” भिंगरी म्हणाली.

हात खरं बोलला होता. तोंडानं त्याला गप्प केलं.

पहिल्याच सरावाला तिनं आपली आपण एक युक्ती काढली. माझी मूठ खरं तर टोकाशी धरायची असते, भिंगरी ती वर, गळ्याशी धरू लागली. हात वर सरकला की डोक्याचा भार कमी लागतो. तिला कुणी शिकवलं नव्हतं, दुखणं हाच तिचा गुरू. मुठीचा खालचा भाग तसाच राहायचा, बिनहाताचा.

शिकवणाऱ्या ताईंच्या ते नजरेला आलं. “एवढं वरून का धरतेस गं?”

काचेबाहेरच्या बाकावरून बापच ओरडला, “तिची लकब आहे ती, ताई! राहू द्या.”

बाकावरचे बाकीचे आईबाप हसले. एकानं विचारलं, “एवढीशी पोर आणि एवढं धूड पेलते?”

“पेलते म्हणजे? खेळवते!” बाप म्हणाला. त्या दिवसापासून त्या बाकावर त्याची जागा मधली झाली.

आणि भिंगरी जिंकू लागली, हे खरं. माझ्यामुळे नव्हे. तिच्या पायांमुळे, तिच्या नजरेमुळे, भिंतीशी असलेल्या तिच्या मैत्रीमुळे. पण कौतुक झालं ते माझं. लोक मला हातात घेऊन बघत, माझ्या काळ्या अंगावरून बोटं फिरवत. तिचं कोपर कुणी हातात घेऊन बघितलं नाही. ताईंनीही पुन्हा विचारलं नाही. जिंकणाऱ्याला कोण विचारतं?

दर रविवारी बाप माझ्या मुठीवरची पट्टी बदलायचा. फार मन लावून. पाय पसरून जमिनीवर बसायचा, जुनी पट्टी उलगडायचा, नवी ताणून, वळशावर वळसा अर्धा चढवत गुंडाळायचा. कधी पांढरी, कधी पिवळी, कधी हिरवी. जुन्या पट्टीचा वरचा भाग घामानं काळाकुट्ट, झिजून गुळगुळीत. तळाकडचा वीतभर मात्र कोरा करकरीत. तेवढा तुकडा तो कात्रीनं कापून काढायचा आणि आपल्या पेचकसाच्या नाहीतर पकडीच्या मुठीला गुंडाळायचा. “चांगली वस्तू वाया कशाला घालवायची?” असं स्वतःशीच म्हणायचा.

घरात एकटी आई तेवढी भिंगरीकडे बघायची, माझ्याकडे नाही.

“डाव्या हातानं काय विंचरतेस गं?”

“सराव करतेय आई. दोन्ही हात चालले पाहिजेत.”

“आणि जेवताना?”

“तोही सरावच.”

“मग अभ्यास पण डाव्यानं कर, म्हणजे डोकंही चालेल,” आई म्हणाली, पण हसली नाही. रात्रीच्या जेवणाआधी गरम पाण्याची पिशवी पोरीच्या कोपराला बांधता बांधता ती हळू आवाजात एक ओवी म्हणायची. कुणाकडून शिकली नव्हती, तिची तिलाच सुचली होती.

लेकीचं मनगट, जसा कोवळा गं वेल,
त्याला दगडाचं फळ, सांगा कसं पेलंल?

“अहो, हिचा हात एकदा दाखवून आणा,” ती म्हणायची.

“वाढीचं दुखणं असेल. निवड होऊ दे, मग दाखवू,” तो म्हणायचा. आणि भिंगरी लगेच, “नाही दुखत गं आई, तू पण ना!”

ओवीतला तो दगड म्हणजे मी. ऐकताना मला कसं वाटत असेल, याचा विचार करा. मी काही बोलू शकले असते तर मलाच दूषण देऊन घेतलं असतं. पण रॅकेटीला आवाज एकच, चेंडू लागल्यावरचा.

निवडीचा दिवस आला. समोरच्या जोडीत ती उंच मुलगी. जाळीपलीकडे तिच्या हातात काय होतं ठाऊक आहे? माझ्या शेजारच्या खुंटीवरची आकाशी, गोल रॅकेट. ती मोठ्या मजेत होती. त्या उंच मुलीचा हात तिच्या मुठीच्या टोकाला होता, सैल, निवांत. मागच्या अंतिम सामन्यात त्या मुलीनं मारलेले जोरकस फटके रॅकेटचे नव्हतेच कधी. पण बाकावरच्या बापाला ते दिसलं नाही, कारण तो माझ्याकडे बघत होता.

शेवटी शेवटी एक चेंडू उंच उडाला.

“मार!” बाप ओरडला. “मार गं, भिंगरे!”

तिनं मारलं. पूर्ण ताकदीनं, डोक्यावरून. असा फटका माझ्या उभ्या जन्मात मला मिळाला नव्हता. चेंडू पलीकडे टप्पा घेऊन काचेवर आदळला आणि जाळीवरून परत आला, गुण भिंगरीचा झाला, टाळ्या वाजल्या. आणि तिची बोटं उघडली.

आमच्या खेळात रॅकेटची दोरी मनगटात अडकवावीच लागते, तसा नियमच आहे. त्यामुळे मला खाली पडायचीही सोय नव्हती. त्या दुखावल्या हाताला मी लोंबकळत राहिले, माझ्या सगळ्या भारानिशी, टाळ्या थांबेपर्यंत. ताई धावत आल्या तेव्हा त्यांनी आधी ती दोरी सोडवली.

डॉक्टर म्हणाले, कोपराचं वाढतं हाड दुखावलं आहे, बरेच महिने झाले असतील. झोळीत हात. या मोसमात खेळ नाही. पुढे?

“बघू,” डॉक्टर म्हणाले.

संघ तिच्याविना गेला. मी दाराजवळच्या खिळ्याला टांगली गेले, छत्री आणि पायपुसण्याच्या मधे. बाकावरच्या एकाही आईबापानं भेटायला येऊन माझं कौतुक केलं नाही. बरंच झालं.

लिफ्टमध्ये एक पाटी असते, तुम्ही वाचली असेल. इतकी माणसं, इतकं वजन. त्यापेक्षा जास्त भरलं तर लिफ्ट घंटा वाजवते आणि जागची हलत नाही. ती घंटा नीट वाजते की नाही हे तपासणं, हेच त्या बापाचं रोजचं काम. पोरीला घंटा नव्हती. ती चढत राहिली.

म्हणून सांगते, मित्रांनो. आम्हाला निवडताना आमचा रंग बघू नका, आम्ही कुणाच्या हातात शोभलो ते बघू नका. हात पुढे करा आणि त्याला विचारा. तो “नको” म्हणाला तर समोर कुणीही उभं असू दे, बाप असू दे, तोंडानंही “नको”च म्हणा. आणि तुमच्यातले जे उद्या आईबाप व्हाल, त्यांनी “जड नाही ना?” असं विचारू नये. “जड आहे का?” असं विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

एका रविवारी दुपारी बापानं मला खिळ्यावरून काढलं. खेळणारं कुणी नव्हतं, पण हाताची सवय. हत्यारांची पिशवी उघडी टाकून तो जमिनीवर बसला आणि शेवटच्या सामन्यातली जुनी पट्टी उलगडू लागला. आई इस्त्री करत होती. भिंगरी समोर बसली होती, झोळीतला हात मांडीवर ठेवून.

पट्टी संपत आली. तळाचा वीतभर, कोरा. त्याचा हात कात्रीकडे गेला.

भिंगरीनं पिशवीतून एक पेचकस उचलला. मग पक्कड. मग पाना. एकाची मूठ पांढरी, एकाची पिवळी, एकाची हिरवी. तिनं डाव्या हाताची मूठ प्रत्येकावर मिटून बघितली.

“बाबा, या पट्ट्या माझ्या ना?”

“हं. उरलेले तुकडे.”

“उरतील कशा? सगळी तर मुठीवर गुंडाळायचात तुम्ही.”

त्यानं कात्री उचलली.

“कोऱ्या आहेत,” ती म्हणाली. “माझा हातच लागलेला नाही यांना. सगळ्या अशाच आहेत.”

आईची इस्त्री थांबली.

“अगं, तुझी लकबच तशी...”

“लकब नव्हती, बाबा. जड होती.” तिनं पेचकस त्याच्या समोर ठेवला, मूठ त्याच्याकडे करून. “तुम्हाला दिसलं नव्हतं?”

बापानं कात्री खाली ठेवली. माझी उघडी मूठ त्यानं दोन्ही हातांत धरली.

“दिसलं होतं,” तो म्हणाला. “पहिल्याच रविवारी.”