भोंग्याचा होकार

भोंग्याला सगळे भोंगा म्हणायचे ते त्याच्या आवाजामुळे. अहो, आवाज म्हणजे काय! सकाळी शेडमध्ये उभा राहून तो लाइफ जॅकेटं वाटायला लागला की रस्त्यापलीकडचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलायचा. "आधी याचं होऊ द्या," म्हणायचा, "नाहीतर माझ्या हातून कुणाचा तरी कान जाईल." पर्यटक त्याच्यावर खूश. जंगलातल्या तीन धबधब्यांची एका दिवसाची सहल, आणि पुढे हा वाटाड्या, धबधब्यावर आवाज चढवणारा. लोक घरी जाऊन त्याची नक्कल करायचे.

पण माणूस एवढा ओरडतो कशाला, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही. बायकोला पडायचं कारणच नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं. घरात बोलायचं झालं तर ती हातातलं काम टाकून त्याच्यासमोर येऊन उभी राहायची, आणि तो तिच्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचा. आयुष्यभर त्या कोसळत्या पाण्याखाली उभं राहून त्याचे कान गेले होते. आधी पाखरं गेली, मग दाराची कडी, मग माणसांची बोलणी. डॉक्टरने यंत्र दिलं, तर ते धबधब्यापाशी नुसतं खरखरायचं. ते आता कपाटात सुईदोऱ्याच्या डब्यात पडलं होतं.

"सांगून टाका हो," बायको म्हणायची. "एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव जाईल."

"एवढा हंगाम काढू दे. पोरीला बिल्ला मिळाला की मी घरी बसतो, तुझी बोलणी खात."

"खाल कशी? ऐकू तर आली पाहिजेत!" असं म्हणून ती हसायची, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायची.

बिल्ल्याची भानगड अशी होती. वाटाड्या व्हायचं तर बिल्लेवाल्या वाटाड्याच्या हाताखाली अख्खा हंगाम काढावा लागे. त्याची पोरगी यंदा त्याच्याच हाताखाली होती. घोळक्याच्या सगळ्यात मागे चालायची, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणायचे. कापडाच्या दुकानातली पंख्याखालची नोकरी सोडून आली होती बया. लहानपणापासून एकच ध्यास, जंगल. आता भोंगा मध्येच घरी बसला तर तिचा हंगाम फुकट. आणि हंगाम चालू असताना तिच्या हातून काही बरंवाईट झालं, तर बिल्ला जन्मात मिळणार नव्हता. बाबांना वयामुळे जरा कमी ऐकू येतं, एवढंच तिला वाटायचं. कान पार गेलेत हे तिला ठाऊक नव्हतं, कारण भोंग्याने एक युक्ती पक्की बसवून घेतली होती. कुणी काही विचारलं, की हसायचं आणि मान हलवायची. हो, हो. माणसांना नाहीतरी होच ऐकायचं असतं. दहातल्या नऊ वेळा काम भागायचं.

त्या दिवशी गाडीत पुढच्या सीटवर एक नर्स बसली होती. सुट्टीवर आलेली, हसरी, पण नजर मोठी तीक्ष्ण. तिने विचारलं, "हा पूल किती जुना आहे हो?"

रस्त्यावर डोळे ठेवून भोंगा गरजला, "आहेत, आहेत! माकडं पुष्कळ आहेत!"

गाडी हसून लोटपोट झाली. नर्सही हसली, पण मग पुढची सगळी वाट ती त्याच्याकडे बघत राहिली. भोंग्याला ते बघणं आवडलं नाही.

मागे एक चष्मेवाले गृहस्थ आणि त्यांची बायको होती, तिला गाडीत सगळे काकू म्हणायला लागले होते. चष्मेवाल्यांनी काकूंना अक्षरशः ओढत आणलं होतं. काकूंना पाण्याची भीती. "मी काठावर बसून तुमचे कपडे राखते," असं त्या पहिल्या धबधब्यापासून सांगत होत्या. दोन धबधबे त्यांनी तसेच काढले. तिसऱ्याला मात्र इलाज नव्हता, कारण तिथे जायलाच नदी ओलांडावी लागे. दोन्ही काठांवरच्या झाडांना एक जाड दोर छातीच्या उंचीवर बांधलेला. तो धरायचा, गुडघाभर पाण्यातून एकेक पाऊल टाकत पलीकडे. शेपटाने काकूंचा हात धरला, गप्पा मारत मारत पलीकडे नेलं, आणि काकू डोळे उघडून म्हणाल्या, "अगंबाई, आलो पण?"

तिसरा धबधबा भोंग्याचा लाडका. उंच कड्यावरून पांढराशुभ्र कोसळणारा, खाली हिरवागार डोह, भोवती हातभर पानांची झाडं. लोक डोहात उतरले, ओरडले, फोटो काढले. भोंगा खडकावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. पूर्वी त्याला बघावं लागत नसे. वर डोंगरात पाऊस झाला की धबधब्याचा सूर जड व्हायचा, तो पाठमोरा उभा राहून ओळखायचा. आता सगळा भार डोळ्यांवर. आणि डोळ्यांना उशिरा कळलं. डोहात गढूळ पट्टा उतरला, मग काटक्या, मग ओल्या पाल्याचा गठ्ठा.

"बाहेर! सगळे बाहेर! सामान राहू दे!"

आवाजाला मात्र काही झालं नव्हतं. क्षणात सगळे बाहेर आले. भोंगा पुढे झाला, दोर धरून पाण्यात उतरला आणि एकेकाला पलीकडे नेऊ लागला. पाणी मांडीला लागत होतं, ओढ वाढली होती, पण अजून ओलांडण्यासारखं होतं. सगळे पार झाले. चष्मेवालेही झाले, घाबरलेल्या काकू मागे राहिल्यात हे त्यांना काठावर आल्यावर कळलं. धबधब्याच्या बाजूला उरल्या त्या दोघीच, शेपूट आणि काकू.

आता नीट ऐका, कारण जे झालं ते एवढ्यातच झालं. धबधब्यापाशी बोलायचं नाही, खुणा करायच्या, हे भोंग्यानेच पोरीला शिकवलं होतं. हात वर म्हणजे ये, दोन्ही हातांची फुली म्हणजे थांब. पण पोरीचा एक हात दोरावर आणि दुसऱ्या हाताला काकूंनी घट्ट धरलेलं, खूण करणार कशाने? म्हणून ती ओरडली. ओले केस तोंडावर आलेले, ओठ दिसत नव्हते. भोंग्याला एवढंच दिसलं की ती काहीतरी विचारतेय. इकडे चष्मेवाले त्याची बाही ओढत होते, तेही काहीतरी बोलत होते. दुसरं काय विचारणार पोरगी? येऊ का, असंच विचारत असेल. पाण्याकडे बघितलं तर आता यायलाच हवं होतं, थोड्या वेळाने जमणार नव्हतं. भोंगा हसला, त्याने मान हलवली आणि हात वर केला. हो, हो, ये.

पोरगी जरा थांबली. परत ओरडली. त्याने परत मान हलवली.

मग ती काकूंना घेऊन पाण्यात उतरली. मध्यावर आल्या आणि त्यांच्या मागच्या काठावरचं झाड, ज्याला दोर बांधला होता तेच झाड, मुळांसकट पुढे झुकलं. काठाची माती पाण्याने पोखरली होती. दोर सैल पडला. दोघी बसकण मारल्यासारख्या पाण्यात खाली गेल्या, वर आल्या, आणि बघता बघता वळणाआड दिसेनाशा झाल्या.

भोंगा धावला. काठाकाठाने, वेलींतून, काटे ओरबाडत धावला. त्या वळणापुढे थोड्याच अंतरावर दुसरा धबधबा होता, आणि तिथून पाणी खाली उडी घेत होतं. जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं, पण कड्यावरून पडण्यापासून वाचवत नाही. तो ओरडत होता, "पोरी! ए पोरी!" आणि उत्तराची वाट न बघता धावत होता, कारण उत्तर आलं तरी त्याला काय उपयोग? त्याने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. नुसतं तपकिरी पाणी. असं करता करता तो कड्याच्या तोंडाशी पोचला. खाली फेस उसळत होता. कुणी नव्हतं. जॅकेटाचा केशरी रंग कुठेही नव्हता.

तो तिथेच गुडघ्यांवर बसला. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला. कुणाचा तरी जीव जाईल, ती म्हणाली होती, आणि तो कुणाचा, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. माझ्याच पोरीचा गेला. मीच ये म्हटलं. देवा, मीच हात वर केला.

मागून कुणीतरी त्याची कॉलर धरून त्याला गदागदा हलवलं. नर्स होती. तिने त्याला धरून उलटं फिरवलं आणि आल्या वाटेवर बोट केलं. तो पुन्हा धावला. वाटेत, तो मघाशी जिथून पळत गेला होता तिथेच, काठाखाली, पाण्यात उतरलेल्या मुळांना धरून दोघी लोंबकळत होत्या. वरून पानांचं छप्पर होतं, म्हणून दिसल्या नव्हत्या. पोरीच्या कपाळातून रक्त येत होतं. तिचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या. ती ओरडत होती. कधीपासून ओरडत होती. बाप तिच्या डोक्यावरून, हाताच्या अंतरावरून, तिला हाका मारत पळत गेला होता.

त्याला बघितल्यावर ती गप्प झाली. तिने बापाकडे असं काही बघितलं, की त्याने नजर खाली घातली आणि हात पुढे केला.

सगळ्यांनी मिळून दोघींना वर ओढलं. काकू थरथरत होत्या, पण धड होत्या. पोरीचा हात त्यांनी सोडला नव्हता. चष्मेवाले आधी बायकोच्या गळ्यात पडले, मग भोंग्याच्या. लहान मुलासारखे रडले. मग चष्मा काढून डोळे पुसले, चेहरा लाल झाला, आणि ते काहीतरी जोरात विचारू लागले. अशा पाण्यात बोलावलं कुणी, असंच असणार. भोंग्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी पोरगी उठून उभी राहिली. बापाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून ती काहीतरी बोलली. थोडंसंच.

चष्मेवाले भोंग्याकडे वळले. त्यांनी विचारलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. जीव अजून ताळ्यावर आलेला नव्हता, हातात पोरीच्या जॅकेटाचा पट्टा होता. भोंग्याने मान हलवली. हो, हो.

आणि मग त्याच्या देखत सगळं पालटलं. काकूंनी पोरीच्या हातातला आपला हात काढून घेतला. चष्मेवाले पोरीच्या तोंडापुढे बोट नाचवत ओरडायला लागले. बाकीचे तिच्यापासून जरा लांब सरकले. पोरगी मान खाली घालून उभी होती, कपाळावरचं रक्त भुवईवरून गळत होतं, आणि ते पुसावं असंही कुणाला वाटेना. एकटी नर्स पोरीकडे बघत नव्हती. ती भोंग्याकडे बघत होती.

भोंग्याने तिचा दंड धरला. "काय म्हणाली ती?" त्याने विचारलं. "मला सांगा. काय म्हणाली?"

नर्स त्याच्या अगदी समोर आली. तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "झाड हलतंय, तरी येऊ का, असं मी ओरडून विचारलं, म्हणाली. बाबा थांब म्हणत होते. मीच ऐकलं नाही. चूक माझी."

"आणि मी?"

"त्यांनी तुम्हाला विचारलं, ही खरं बोलतेय का. तुम्ही हो म्हणालात." तिने चष्मेवाल्यांकडे बोट केलं. "ते म्हणतायत, आजच तक्रार करतो. या मुलीला पुन्हा जंगलात पाऊल टाकू देणार नाही."

भोंग्याने पोरीकडे बघितलं. तिला आता सगळं कळलं होतं. मुळांना लटकलेली असताना, बाप हाका मारत पुढे निघून गेला तेव्हाच कळलं असणार. आणि तरी वर येऊन तिने पहिलं काम कोणतं केलं, तर बापाला झाकलं. आपला बिल्ला, आपलं जंगल, सगळं त्याच्या पायाशी टाकलं आणि गप्प उभी राहिली. शरमेने भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान हलवायला काहीच लागत नाही, आणि त्याने तेवढंच करून आजवर दिवस काढले होते.

तो चष्मेवाल्यांच्या आणि पोरीच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"ती खोटं बोलतेय," तो म्हणाला. "हात मी वर केला. झाडाचं मला काही ऐकूच आलं नाही. मला काहीच ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. तुम्ही आत्ता काय बोललात तेही नाही. माझ्या पोरीची काही चूक नाही."

आपण ओरडलो की नुसतं पुटपुटलो, हे त्याला समजलं नाही. पण पोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती खाली बसून हमसून हमसून रडायला लागली, तेव्हा त्याला कळलं, की ऐकू गेलं.