पहिला घास

"आधी तू खा."

यमुनाबाईंनी ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. त्यांची सून विद्युल्लता नुकतीच शाळेतून आली होती. देवासच्या एका लहानशा खासगी शाळेत ती पहिलीच्या पोरांना शिकवायची, आणि घरी आल्यावर पर्स खुंटीला लावायच्या आधी सासूबाईंचं पान वाढायची. तिला वाटलं, आज म्हातारीला मायेचं भरतं आलंय.

"मी नंतर बसते हो आई. तुम्ही घ्या, वरण गार होऊन राहिलंय."

"नाही. आधी तू. माझ्यासमोर, याच ताटातलं."

मग तिला त्यांचे डोळे दिसले. ते तिच्या तोंडाकडे नव्हते, गळ्याकडे होते. विद्युल्लताने वरणभात कालवला, एक घास घेतला आणि गिळला. यमुनाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग इतकं थांबायला काहीतरी निमित्त हवं म्हणून की काय, त्यांनी विचारलं, "मीठ आहे ना बरोबर?"

"आहे."

तेव्हा कुठे त्यांनी ताट ओढून घेतलं. ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं, नातीने चाखलेला लाडूसुद्धा जिने बाजूला काढला होता, तिने सुनेचं उष्टं ताट स्वच्छ केलं. विद्युल्लता भिंतीला टेकून बघत राहिली. तिची भूक मेली होती.

दोष कुणाला द्यायचा? संध्याकाळी सातला लागणाऱ्या 'ममता की दहलीज' नावाच्या मालिकेला, असं सरळ म्हणता येईल, आणि मी तरी तसंच म्हणणार. त्या मालिकेत मंदिरा नावाची सून होती. ती फोडणीसुद्धा भरजरी शालू नेसून द्यायची, आणि सासूच्या खिरीत रोज एका बाटलीतून थेंब टाकायची. थेंब पडला की वीज कडाडायची. ही वीज त्या घरात कुणालाच ऐकू यायची नाही. सासू आधी खोकली, मग तिची वाचा गेली, मग तिला सगळं कळलं आणि काहीच सांगता येईना. असलं लिहिणाऱ्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसांना जेवायला कोण वाढतं, ते एकदा जाऊन बघायला हवं.

शेजारच्या रुक्मिणीभाभी ही मालिका बघायला रोज इकडे यायच्या, कारण त्यांच्या घरचा टीव्ही मुलाच्या क्रिकेटने अडवलेला असे.

"ऐसा कहीं होता है क्या, मांजी?" त्या तावातावाने म्हणायच्या. "डॉक्टर को नहीं दिखता? पुलिस मर गई क्या? कीड़े पड़ेंगे इसको, देख लेना." आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा लवकर येऊन बसायच्या. विद्युल्लताही भाजी निवडता निवडता हसायची. मंदिराचा नवरा इतका मठ्ठ कसा, यावर दोघींची चांगली करमणूक व्हायची.

रुक्मिणीभाभी शिव्या देऊन मोकळ्या व्हायच्या आणि घरी जाऊन आपल्या सुनेच्या हातची रोटी खायच्या. यमुनाबाई शिव्या देत नसत. त्या नुसत्या बघत. त्या वर्षी त्यांच्या डोक्यातल्या गोष्टी जागा सोडू लागल्या होत्या. चष्मा कुठे ठेवला, आज वार कोणता, त्यांचे यजमान दत्तोपंत आहेत की गेले, काही नेम राहिला नव्हता. रिकाम्या झालेल्या जागेत मंदिरा येऊन बसली.

विद्युल्लताचा नवरा यशवंत कारखान्यातून दमून यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुरुषी तोडगा काढला. टीव्हीचा रिचार्जच केला नाही.

झालं उलटंच. मालिका जिथे तुटली तिथे मंदिरा हातात चमचा घेऊन सासूच्या उशाशी उभी होती. यमुनाबाईंच्या डोक्यात ती तशीच उभी राहिली, हलायला तयार नाही. त्यांनी ताटाला शिवणं सोडलं. केळं तेवढं खायच्या, कारण ते त्यांना स्वतः सोलता यायचं. चार-पाच दिवसांत त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला.

"करा तो रिचार्ज," विद्युल्लता नवऱ्याला म्हणाली. "ती मेली मंदिरा पकडली जाताना आईंनी बघितलं पाहिजे. त्याशिवाय काही खरं नाही."

"तू मनावर घेऊ नको गं. म्हातारपण आहे."

मनावर घेऊ नको, हे तो रोज म्हणायचा. 'तू असं करणार नाहीस' एवढं मात्र त्याने एकदाही म्हटलं नाही. त्याला ते म्हणण्याची गरजच वाटली नसेल. पण विद्युल्लताला तेच एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि ते मागून घेण्याची तिला लाज वाटत होती.

टीव्ही सुरू झाला. भाजी निवडत हसणारी विद्युल्लता आता पदराला हात पुसून समोर बसू लागली. सगळ्या देवासात त्या मालिकेची इतकी आस दुसऱ्या कुणाला नसेल. टेकरीवरच्या देवीला तिने नवऱ्याच्या बढतीसाठी कधी नारळ बोलला नव्हता, तो मंदिराच्या अटकेसाठी बोलला. आणि देवी पावलीसुद्धा. एका संध्याकाळी पोलीस आले, बेड्या पडल्या. रुक्मिणीभाभींनी टाळ्या वाजवल्या.

"पकडलं बघा आई तिला," विद्युल्लता म्हणाली. "आता झालं ना?"

यमुनाबाईंनी मान हलवली. त्या रात्री त्यांनी न सांगता ताट ओढून घेतलं. विद्युल्लता झोपताना किती दिवसांनी गुणगुणली.

दुसऱ्या दिवशी कळलं, की तुरुंगात गेली ती मंदिरा नव्हतीच. ती तिची जुळी बहीण होती, जत्रेत हरवलेली. खरी मंदिरा स्वयंपाकघरात उभी राहून खीर ढवळत होती.

"हद हो गई," रुक्मिणीभाभी म्हणाल्या. "जनता को पागल समझ रखा है?"

यमुनाबाई टीव्हीकडे बघत नव्हत्या. त्या विद्युल्लताकडे बघत होत्या, अगदी बारकाईने, बाजारात भांडं उलटंपालटं करून बघावं तसं.

"तू ती, की दुसरी?" त्यांनी विचारलं.

रुक्मिणीभाभींना मराठी पुरतं कळत नसे, पण एवढं कळलं. त्या चप्पल शोधू लागल्या.

"मी जी वाढते ती," विद्युल्लता म्हणाली आणि ताट घेऊन आली. त्या दिवसापासून पहिला घास पुन्हा तिचा झाला.

मग धारहून फोन आला. यशवंतची बहीण मेधा तिथे दिलेली. यमुनाबाईंनी दुपारी घर रिकामं असताना तिला फोन करून सगळं सांगितलं होतं.

"वहिनी, आई हे काय म्हणून राहिली आहे? स्लो पॉइजन का काय?" मेधाचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "मी काही म्हणत नाही गं. पण आजकाल कुणाचं काही सांगता येत नाही. टीव्हीवाले पण उगाच थोडंच दाखवतात? कुठेतरी झालेलं असतंच ना."

विद्युल्लताने फोन दुसऱ्या कानाला लावला. या मेधाची दोन्ही बाळंतपणं तिने काढली होती.

रविवारी मेधा आली. चहा घ्यायच्या आधी स्वयंपाकघरात गेली, वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि वास घेतला. वास हिंगाचा होता. मग तिने आईचे कपडे पिशवीत भरले. "थोडे दिवस घेऊन जाते. हवापालट होईल," असं ती यशवंतकडे बघून म्हणाली. यमुनाबाई आनंदाने गेल्या. रिक्षात बसताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

विद्युल्लताला मोकळं वाटायला हवं होतं. शाळेतून आल्यावर आता घाई नव्हती. पण घरात पाऊल टाकलं की तिला ते उचललेलं झाकण दिसायचं आणि संताप यायचा, आणि संताप ओसरला की धास्ती वाटायची, की तिकडे त्या जेवत असतील का.

त्या जेवत नव्हत्या. आठवड्याभरात मेधाचाच फोन आला. रडवेली झाली होती. "काही खात नाही गं. लापशी केली, कढी केली. ताट बघते आणि तोंड फिरवते."

"पहिला घास तू खाऊन दाखव वन्सं. त्यांच्यासमोर."

"मी? अगं, मी मुलगी आहे तिची."

"तरी खा."

"मी नाही असलं करणार. माझ्यावर काय शक घ्यायचा?"

विद्युल्लताने शाळेत रजा सांगितली आणि इंदूरला बस बदलून धार गाठलं. यमुनाबाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर तलावाकडून पोरांचा गलका येत होता. त्यांचे हात काटक्यांसारखे झाले होते. पुढ्यात मेधाने वाढलेलं ताट तसंच होतं, कढीवर साय धरलेली.

विद्युल्लताला बघताच त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं. "ही बघ, आली," त्या मेधाला म्हणाल्या. "आता ही खाईल."

विद्युल्लता जमिनीवर बसली, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. तिने भातावर कढी घेतली, घास घेतला, गिळला.

"मीठ आहे ना बरोबर?"

"जरा जास्त आहे."

"असायचंच. हिचा हात पहिल्यापासून सैल," यमुनाबाई म्हणाल्या आणि जेवायला लागल्या. सगळं जेवल्या, ताटाला बोट फिरवून.

मेधा दारात उभी होती. तिचा चेहरा पार उतरला होता. "माझ्यावर पण भरोसा नाही तिचा," ती म्हणाली.

"भरोसा माझ्यावर पण नाही, वन्सं. मी फक्त खाऊन दाखवते."

मेधा आत गेली आणि आईचे कपडे पुन्हा पिशवीत भरू लागली. घड्या मात्र या वेळी नीट घातल्या.

पुढे उन्हाळ्यात ती मालिका एका शुक्रवारी एकाएकी संपली. लोक बघेनासे झाले होते म्हणे. शेवटच्या दिवशी सगळं कुटुंब एका फोटोत हसत उभं राहिलं. सासूची वाचा परत आली होती, मंदिराला पश्चात्ताप झाला होता, जुळी बहीणसुद्धा कोपऱ्यात होती.

"बस?" रुक्मिणीभाभी म्हणाल्या. "इतने दिन हमारा खून जलाया, और फोटो खींच के चले गए?" त्या खरंच दुखावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सातला त्या सवयीने आल्या, बंद टीव्हीसमोर बसल्या, आणि चहा घेऊन गेल्या.

यमुनाबाई तोवर मंदिराला विसरल्या होत्या. त्या बरंच काही विसरल्या. विद्युल्लताचं नाव विसरल्या, मुलालाही कधी दत्तोपंत म्हणायच्या. पण पहिला घास राहिला. तो का, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं, एवढंच माहीत होतं, की ही आल्याशिवाय आणि हिने खाल्ल्याशिवाय जेवायचं नसतं.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी विद्युल्लताने ताट पुढ्यात ठेवलं आणि घास घ्यायला हात पुढे केला, तर यमुनाबाईंनी तो हलकेच बाजूला सारला. स्वतः वरणभात कालवला, तूप कुठे जास्त आहे ते बघून तिथला घास केला आणि तिच्या तोंडापाशी धरला.

"तू खा गं आधी," त्या म्हणाल्या. "उपाशी आली असशील शाळेतून."

विद्युल्लताने तो घास घेतला. तिला फार रडू आलं आणि थोडा रागही आला, की ही माया आता कुणाला दाखवायची, कोण साक्षीला आहे? घरात दोघीच होत्या. "मीठ आहे ना?" म्हातारीने विचारलं, आणि या खेपेला तिला खरोखरच मिठाचंच विचारायचं होतं.

ऐन थंडीत यमुनाबाई गेल्या. झोपेतच, कुणाला त्रास न देता.

तेराव्याचा स्वयंपाक विद्युल्लताने एकटीने केला. या स्वयंपाकाची चव घ्यायची नसते. पहिलं पान गेलेल्या माणसाचं, मग बाकीच्यांचं. तिने खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर सगळं रीतीने वाढलं, डाव्या कोपऱ्यात मीठ, मग लिंबू, कोशिंबीर, भाजी, मधोमध वरणभात आणि त्यावर तूप. पान घेऊन ती माजघरात आली. फोटोसमोर गुरुजी बसले होते, शेजारी यशवंत. मेधा आणि शेजारपाजारच्या बायका भिंतीशी उभ्या होत्या, रुक्मिणीभाभीही डोक्यावरून पल्लू घेऊन आल्या होत्या.

"ठेवा, वहिनी," गुरुजी म्हणाले.

तिला ठेवता येईना. भाताची मूद अख्खी होती. त्या माणसाने कित्येक महिन्यांत तिच्याकडून असं अख्खं पान घेतलंच नव्हतं. ती तशीच उभी राहिली, हात भरून आले तरी.

"वहिनी, उशीर होतो आहे."

मेधा भिंतीपासून पुढे आली. तिने विद्युल्लताच्या हातातल्या पानावरचा भात मोडला, वरणात कालवला, घास केला.

"अहो ताई, उष्टं होईल ते," गुरुजी म्हणाले.

"आई उष्टंच जेवायची," मेधा म्हणाली. "वहिनीचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं घशाखाली उतरत नव्हतं तिच्या. माझ्यासुद्धा." हे ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग घास विद्युल्लताच्या तोंडाशी धरला. "तू खा आधी."

विद्युल्लताने खाल्ला. गिळायला तिला वेळ लागला. सगळे थांबून होते, गुरुजीही.

"मीठ आहे ना बरोबर?" मेधाने विचारलं.

"कमी आहे."

विद्युल्लताने पान एका हातावर तोललं. कोपऱ्यातलं चिमूटभर मीठ घेतलं, सगळ्यांच्या देखत सासूबाईंच्या वरणात टाकलं, बोटाने कालवलं, आणि पान फोटोपुढे ठेवलं.