अप्पांचा विसरकिडा

"किडा पडला," मंचावरचे आठवणवाले महाराज म्हणाले आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं.

चिमट्याच्या टोकाला अप्पांच्या कानातून काढलेला तपकिरी गोळा होता. "बघून घ्या, मंडळी. हाच तो विसरकिडा. तीन वर्षं या म्हाताऱ्याच्या आठवणी कुरतडत होता. माझ्या तेलानं गुदमरला बिचारा." गोळा काचेच्या बरणीत गेला. आत असे वीसेक होते. मग आठवणवाल्यांनी अप्पांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, "काका, शेजारी कोण बसलंय?"

"माझी धाकटी. ओरडू नका एवढं."

टाळ्या. धाकटी रडली. मागच्या रांगेत थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

तीन वर्षं अप्पांचं जेवण, अंघोळ, रक्तदाबाच्या गोळ्या सगळं तिनं केलं होतं. घड्याळदुरुस्तीत हयात गेलेला माणूस, चालू घड्याळ कानाला लावून "बंद पडलंय" म्हणायचा आणि दिवसभर ते उघडून बसायचा. विचारावं एक, उत्तर यावं दुसरंच. अप्पांचं डोकं गेलं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आणि महिन्यातून एकदा उगवणारी धाकटी त्यांना तीन दिवस तेल घालून परत आणते. वर स्वतःच्या घरी राहायला घेऊन जाते.

उजवीकडे

आपल्या घरी धाकटी अप्पांच्या उजवीकडे बसली होती, अगदी खेटून. "ताई, बघ ना, पहिल्यासारखे झालेत."

"बघतेय. गोळ्या देतेस ना?"

"बंद केल्या. गोळ्यांवरच किडा पोसतो म्हणे."

थोरलीनं पिशवीतून मशीन काढलं, अप्पांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे ऐंशी. आकडा बघून तिला आधी बरं वाटलं. मग स्वतःचीच शरम वाटली.

"तुला बघवत नाही ना मी केलेलं?" धाकटी म्हणाली.

"नाही बघवत. पण हे मशीन काही माझ्या बाजूचं नाही."

डावीकडे

उरलेल्या खुर्चीवर, म्हणजे डावीकडे, थोरली बसली. "अप्पा, माझ्याकडे परत चला."

अप्पा धाकटीकडे बघून हसले.

तिचंच तेवढं ऐकायचं, नाही का. थोरली उठायलाच निघाली होती. तेवढ्यात अप्पांनी खिशातलं घड्याळ काढलं. उजवा हात धाकटीनं धरून ठेवलेला, म्हणून डाव्या हातानं डाव्या कानाला लावलं.

"बंद पडलंय."

मग हात सोडवून घेतला, घड्याळ उजव्या कानाला लावलं.

"चालू आहे की."

घड्याळ तेच. थोरली परत खाली बसली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी डाव्या कानात दिवा धरला. "मळ ठासून भरलाय. उजवीकडेही असाच भरला असणार. तेलानं मळ मऊ होतो, मग निघतो. आम्हीही थेंब घालतो, फक्त टाळ्या मिळत नाहीत."

"मग यांचं डोकं?"

"यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं. ऐकलंच नाही, ते आठवणार कुठून? थोडा विसर खरा असेलही, त्याची तपासणी करू. गोळ्या मात्र आजच सुरू करा. वाढलेला रक्तदाब मेंदूचंही नुकसान करतो."

पुढच्या बैठकीला थोरली पहिल्या रांगेत होती. हातात छोटी डबी, गरम पाण्याचा पेला आणि चमचा.

"महाराज, विसरकिडा एकच असतो ना?"

"एकच, ताई. एका डोक्यात दोन मावत नाहीत." लोक हसले.

"मग हा दुसरा परवा अप्पांच्या डाव्या कानातून निघाला, तो कुणाचा?" तिनं डबीतला गोळा पेल्यात टाकून चमच्यानं ढवळला. भुगा होऊन तळाशी बसला. "आता तुमच्या बरणीतला द्या. किडा असेल तर निदान पाय तरी दिसतील."

आठवणवाल्यांनी बरणी छातीशी धरली. "किड्यांना पाण्याची सवय नसते."

"आमच्या आईचाही आहे त्यात," मागून एक शिंपी म्हणाला. "तो तरी बघू द्या." त्यानं बरणी काढूनच घेतली. एक गोळा पेल्यात पडला. भुगा. पुन्हा एक. पुन्हा भुगा.

यावेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोरलीबरोबर आलेल्या डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या.

"विसर पडायला लागला तर दवाखान्यात या. कान तपासा, रक्तदाब मोजा, साखर बघा. सिगारेट सोडा, रोज चाला, चार माणसांत बसा. हे सगळं विसर पडायच्या आधीपासून केलं तर धोका कमी होतो. पुरता टळतो असं मी सांगणार नाही. तसं सांगणारे मंचावर बसलेत. त्यांना एवढंच विचारा: कशावरून?"

धाकटी मान खाली घालून बसली होती. "ताई, गोळ्या मी बंद केल्या."

"आणि मी तीन वर्षं शेजारी असून त्यांचे कान बघितले नाहीत," थोरली म्हणाली. अगदी हळू, अप्पांच्या डाव्या बाजूनं.

"भांडू नका," अप्पा म्हणाले. "मला दोन कान आहेत."