दोन सह्यांचा शब्द

"पाच वाजता कार्डांच्या पेट्या छापखान्यात जाणार," शिपाई खुंट्याला म्हणाला. "दोन सह्या नाहीत त्या कार्डाचा शब्द कोशात नाही. मोठ्या साहेबांचा हुकूम."

अरबी-इंग्रजी कोशाच्या त्या कचेरीत शब्दागणिक एक कार्ड असे, आणि त्यावर लिहिणाऱ्याची नि तपासणाऱ्याची अशा दोन सह्या लागत. लिहिणारा खुंटा, तपासणारा त्याच्या बायकोचा थोरला भाऊ, अडसर. नावं कचेरीनं ठेवलेली, आणि उगाच नव्हती ठेवली. समोरासमोर बसून दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. खुंट्याची बायको दोघांचे डबे एकाच पिशवीत देई. त्यातला दुसरा, तीन हातांवरच्या टेबलावर, शिपाई पोचवी. त्या वाटचालीत आपल्या चपलांचे अकरा जोड झिजले, असं तो शपथेवर सांगे.

भांडण एका शब्दावरून. हट्टाला अरबीत शब्दांची काय वानवा! 'इनाद' झाला ऑब्स्टिनसी, 'इसरार' परसिस्टन्स, धरलेलं न सोडणारा 'तशब्बुस' टेनॅसिटी. चालता चालता अडून बसणाऱ्या घोड्याच्या 'हरून'वरही सह्या पडल्या. उरला 'मुकाबरा'. खुंट्यानं लिहिलं, स्टबर्ननेस. अडसरानं काट मारली. यात गर्व कुठाय, म्हणाला; इंग्रजीत याला एक शब्द नाही, सरळ वाक्य लिही: आपलं चुकलंय हे ठाऊक असून गर्वापोटी कबूल न करणं.

अडसराचं बरोबर होतं, हे खुंट्याला आठवड्याभरातच कळलं होतं. पुढची नऊ वर्षं गेली ती त्याला तसं म्हणायला लागू नये यातच.

आणि आज अडसराचा नोकरीतला शेवटचा दिवस. पाचाला दहा कमी असताना त्यानं चष्मा काढून डबीत ठेवला. डबीचं झाकण टक्कन वाजलं. तसं खुंट्यानं 'मुकाबरा'चं कार्ड ओढलं, स्वतःचा शब्द खोडला, मेव्हण्याचं वाक्य इंग्रजीत सुवाच्य उतरवलं, सही ठोकली. शिपाई हात पुढे करून उभाच होता. त्याला ओलांडून खुंटा ते तीन हात स्वतः चालून गेला.

अडसरानं पुन्हा चष्मा चढवला. बराच वेळ वाचलं.

"स्वल्पविराम राहिलाय."

"नाही लागत तिथं."

"लागतो."

खुंट्यानं एक श्वास घेतला. "मग तुम्हीच घाला, दादा."

अडसरानं घातला, आणि सही केली.

त्या संध्याकाळी दोन्ही रिकामे डबे एकाच पिशवीतून घरी निघाले. पिशवी मी नेतो, असं दोघांचंही म्हणणं पडलं. म्हणून भर रस्त्यातून एकेक बंद धरून दोघांनी ती नेली. दारापर्यंत कुणीच सोडली नाही.