पिंपातला कॅमेरा

"हेमराजभाऊ, तुन्हा कॅमेरामाईन धूर निंघी ऱ्हायना!"

नवरीची आई मालतीबाई ओरडली, तेव्हा हेमराजच्या हातात वरणबट्टीचा घास होता. तो तसाच टाकून तो मांडवातून घरात धावला.

अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा. कापडाच्या लूमवर ओव्हरटाइम करकरून घेतलेला हा व्हिडिओ कॅमेरा म्हणजे हेमराजचा जीव की प्राण. हळदीचं शूटिंग संपल्यावर त्याने तो रुखवताजवळ चार्जिंगला लावला होता, खाली साडीच्या चिंध्यांची गादी करून. सुरतेच्या उधन्यात साडीच्या चिंध्यांना तोटा नाही; जपायची वस्तू चिंध्यांवरच ठेवतात, मग ती काचेची बरणी असो की देव. बॅटरी एकदा पडून फुगली होती. गुजराती दुकानदार म्हणालाही होता, "आ लिथियमनी छे. फूली जाय तो फेंकी देजे, भाई." हेमराज हसला होता. जावईही फुगतो, म्हणून कुणी टाकून देतं का?

आता त्याच बॅटरीतून सूं सूं करत ज्वाळा निघत होती. हेमराजने पिन उपटली, पट्टा धरून कॅमेरा बाहेर नेला आणि मांडवालगतच्या रेतीच्या ढिगात पुरला. तळहात भाजला. मालतीबाईने पेटत्या चिंध्यांवर घागर ओतली.

"वाचना रे कॅमेरा!" नवरीचा बाप लोटू म्हणाला.

हेमराजला आतली टेप आठवली. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात दगड झालेला हा लोटू पोरीला हळद लावताना ढसाढसा रडला होता. ते सगळं त्या टेपवर होतं.

तेवढ्यात रेती फुसफुसली आणि ज्वाळा पुन्हा वर आली. मांडवाचा पडदा हातभरावर होता, तोही पॉलिस्टरचा. आत बायका जेवत होत्या.

"आधी टेप काढी ले!" लोटू ओरडला.

"नही काका. माईन खदखदी ऱ्हायनं. गार करनंच पडी."

हेमराजने फावड्याने कॅमेरा उचलला आणि पाण्याच्या पिंपात सोडला. पाणी खळबळलं, मग गप्प झालं. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण पिंपाजवळ कुणी येऊ नये म्हणून तो तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पाठवणीला तो हाताला पट्टी बांधून आला. सोमवारपासून पुन्हा लूम. जीपमध्ये चढताना नवरी, नूतन, सवयीने थबकली, दोन दिवस हेमराज कॅमेऱ्यासाठी तिला थांबवत होता तशी. हेमराज रिकाम्या हातांनी नेहमीच्या जागी उभा राहिला.

"आठे देख, बेटा."

तिने पाहिलं. जीप वळेपर्यंत त्याने पापणी लवू दिली नाही.